गोव्यातल्या साखळी गावच्या गॅरेजवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आषाढातला तो शनिवार तुमच्या लक्षात नसेलही. बेळगावहून चोर्ला घाट उतरून केरीपर्यंत गाडी कशीबशी आली. पहिला गिअर पडेना, रिव्हर्स टाकला की कर्रर्र! क्लचचं पेडल तर पायाखाली ओल्या कापसासारखं. साखळीत पोचेपर्यंत मी सिग्नललाच नव्हे, गाईगुरांनाही घाबरत होतो, कारण थांबलो की पुन्हा गिअर पडेल याची खात्री नव्हती.

आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथे बॉनेटही न उघडता निकाल लागला होता: क्लचप्लेट गेली, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळा सेट बदलायचा, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "पळोवया", म्हणजे बघूया, म्हणालात.

इंजिन बंद करून तुम्ही पाचही गिअर टाकून पाहिले, लोण्यातून सुरी जावी तसे पडले. म्हणजे गिअरबॉक्स ठीक. इंजिन चालू केलं, पुन्हा अडकले. मग पेडल चार-पाचदा भराभर दाबलंत आणि गिअर पडला! तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला काहीच कळलं नव्हतं, तरी मीही हसलो.

मग मला शेजारी बसवून चढावावर नेलंत. चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात. "प्लेट घासलेली असती तर इंजिन नुसतं बोंबललं असतं, वेग वाढला नसता." वेग हळूहळू का होईना, वाढत होता. जळका वासही नाही. उतरल्यावर ब्रेक ऑइलची डबी दाखवलीत. या गाडीत ब्रेक आणि क्लच एकाच डबीवर चालतात हे मला आठ वर्षांत माहीत नव्हतं. पातळी खाली गेलेली, ऑइल चहासारखं काळपट. गाडीखाली सरकून क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबर उचललंत, तर आतून ओल. म्हणजे ऑइल तिथून गळत होतं, म्हणून पेडलला दाबच मिळत नव्हता.

सिलिंडर बदलला आणि क्लचच्या नळीत शिरलेली एअर काढायला मला पेडलवर बसवलंत. "दाब... धर... सोड." बाहेर पाऊस धो धो, आत मी क्लच दाबून पाय दुखवून घेतोय, आणि तुम्ही गाडीखालून ओरडताय. गिअरबॉक्सला कुणी हातही लावला नाही.

आणि हो, तुम्ही ओरडलात तेही बरोबरच होतं. चालवताना माझा डावा पाय सतत क्लचवर टेकलेला असतो, हे त्या चढावाच्या फेरीनंतर परत येताना मी चालवली तेव्हाच तुम्ही पकडलंत. "तें पायपुसणं नव्हे रे!" त्या ओझ्याने बेअरिंग आणि प्लेट लवकर झिजतात, असं बजावलंत. आता बायको शेजारी बसून तुमच्याच आवाजात तेच वाक्य म्हणते.

पैसेही सिलिंडरचे, ऑइलचे आणि दोन तासांच्या मजुरीचे घेतलेत, तेवढेच. जुना सिलिंडर कागदात गुंडाळून हातात दिलात, तो मी अजून टाकलेला नाही.

गणेश चवथीला गावी येईन तेव्हा नेवऱ्यांचा, म्हणजे आपल्या करंज्यांचा, डबा घेऊन येतो. तुमच्या दारात गाडी रिव्हर्सनेच लावणार.

देव बरें करूं, काका.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला