करिंथमधला पंक्तिप्रपंच

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत ख्रिस्ती लोक एकत्र घेतात त्या भोजनाबद्दल, लिहिताना प्रेषित पौल एवढा का चिडतो, असं तू विचारलंस. बायबलमधल्या त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा काढून बसलो. एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, म्हणून तो खडसावतोय. मला तर हे भांडण आधी ताटाचं वाटतं, सिद्धांताचं नंतर.

ग्रीसमधलं करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवलं. नव्या वस्तीत गुलामीतून सुटलेले पुष्कळ होते. दोन बंदरं, हातात पैसा. अशा गावात मान नव्याने कमवावा लागतो, आणि मग तो मिरवावासा वाटतोच.

पौलाच्या काळी चर्चची इमारत नव्हती, मंडळी कोणाच्या तरी घरी जमायची. रोमन पद्धतीच्या जेवणघरात तीन बाजूंना तीन पलंग, त्यांवर रेलून जेवणारे साधारण नऊ जण. बाकीच्यांनी कुठे बसायचं? बहुधा बाहेर चौकात. धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाने एका पत्रात अशाच एका यजमानाचा समाचार घेतलाय: स्वतःला आणि खाशांना उत्तम पदार्थ, इतरांना किरकोळ तुकडे, आणि वाइनसुद्धा माणसाच्या दर्जानुसार तीन प्रतींची! १९७०च्या दशकात गेर्ड थाइसेन या जर्मन अभ्यासकाने करिंथचा तंटा याच रिवाजाच्या उजेडात वाचला. मग ‘एकमेकांची वाट पाहा’ ही पौलाची साधी सूचना केवढी बोचरी होते बघ. कामावरून सुटून उशिरा पोचणाऱ्या गुलामाची वाट पाहायची, आणि तीही घरधन्याने!

जस्टिन मेगिट या अभ्यासकाने १९९८ मध्ये थाइसेनच्या या वाचनाला हरकत घेतली. त्याच्या मते पौलाच्या मंडळ्यांत श्रीमंत नव्हतेच, सगळेच हातावर पोट असलेले. मला ते पूर्ण पटत नाही. ‘ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता’ असं पौल म्हणतो, म्हणजे लाजवणाऱ्यांजवळ काहीतरी होतंच.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. करिंथकरांनी पौलाला पत्र पाठवलं होतं. त्यातला लग्नाचा विषय तो ‘तुम्ही लिहिलंत’ म्हणून घेतो. जेवणाबद्दल मात्र ‘माझ्या कानावर आलंय’ म्हणतो. मला वाटतं, पत्र लिहिणाऱ्यांना त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. उपाशी राहिलेल्यांचं गाऱ्हाणं तोंडी पोचलं.

मेगिटची बाजू तुला पटत असेल तर सविस्तर लिही. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राबद्दल पुढच्या वेळी.

तुझा,
अनिल