कॅम्पर व्हॅन दुरुस्त करायची की विकायची? आधी आरसी, मग पत्रा, इंजिन सर्वांत शेवटी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांत आता एक नवी भर पडली आहे. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून केलेल्या कॅम्पर व्हॅन घोडबंदर रोडवर आणि नेरूळ-सानपाड्याच्या सेक्टरांत ताडपत्रीखाली दिसतात. हौस ओसरते, मुले परगावी जातात, गाडी तिथेच राहते. मग कधीतरी सोसायटीचे पत्र येते आणि घरात चर्चा सुरू होते, की हिच्यावर खर्च करायचा की मिळेल त्या भावाला देऊन टाकायची.

अशा वेळी बहुतेक मालक मेकॅनिकला बोलावतात, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारतात आणि इंजिन सुरू झाले की गाडी चांगली आहे असे ठरवून खर्चाला लागतात. हा क्रम उलटा आहे. ट्रॅव्हलरचे जुने २.६ लिटरचे, मर्सिडीजच्या घराण्यातले डिझेल इंजिन जाणणारे कारागीर आणि त्याचे सुटे भाग दोन्ही ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात मिळतात. इंजिनापायी सहसा कोणी बुडत नाही. पैसे बुडतात ते कागदांत आणि सडलेल्या पत्र्यात.

पहिल्यांदा आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, हातात घ्यावी. तिच्यावर वाहनाचा वर्ग काय लिहिला आहे? खासगी वापराची कॅम्पर व्हॅन, खासगी बस की परमिटवरची प्रवासी गाडी? आरसीवर बारा आसने आणि आत दोन पलंग व गॅसची शेगडी, अशी गाडी तपासणीला नेली तर निरीक्षक ती परत पाठवणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशिलाशी न जुळणारा बदल मंजुरीशिवाय चालत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. ‘बॉडीवाल्याने तेव्हा सांगितले होते, काही होत नाही’ हा खुलासा आरटीओत उपयोगाचा नाही. बदल नोंदवलेला नसेल तर मंजुरीचे काम आधी, रंगाचे नंतर.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. दुचाकी सोडून इतर खासगी वाहनांना उशिरासाठी दरमहा ५०० रुपये जादा शुल्क आहे, म्हणजे तीन वर्षे विसरलेल्या गाडीचे तेवढ्यातच १८,००० रुपये. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट. कर्ज कधीच फिटले असले तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र लागते. चासीवर ठोकलेला नंबर मात्र लगेच, तारेच्या ब्रशने घासून पाहावा. गंजाने आकडे गेले असतील तर पुढचे सगळे तिथेच अडते.

कागद जमण्यासारखे असतील तरच गाडीखाली शिरावे. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी इथल्या गाड्या खालून जातात. वरचा गंज आणि आतपर्यंत गेलेला गंज यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, जुन्या स्क्रू-ड्रायव्हरला कळतो. चासीचे आडवे सांधे, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, चाकांच्या कमानी, दाराखालचा उंबरा आणि पायरीचा खड्डा इथे टोक दाबून पाहावे. खपली पडली आणि खाली टणक लोखंड लागले तर घासून प्राइमर मारता येतो. टोक आत घुसले तर पत्रा कापून नवा लावावा लागेल. उंबरा किंवा कमान सडली असेल तर खर्च वाढतो, पण काम होते. पाट्याच्या हँगरपाशी चासीच खाल्ली गेली असेल तर मात्र हौसेला तिथेच थांबवावे. वरून नुकताच डांबरी काळा थर मारलेला दिसला तर तो खरवडून पाहिल्याशिवाय कोणताही अंदाज धरू नये.

पाणी गळणे हा दुसरा शत्रू. छतावरची खिडकी, एसीसाठी कापलेले भोक, सोलर पॅनेलचे स्क्रू आणि काचांचे रबर या त्याच्या वाटा. परदेशी कॅरॅव्हॅनमध्ये भिंतीचा सांगाडा बहुधा लाकडी, म्हणून तिथे कुजणे म्हणजे सांगाडाच जाणे. आपल्याकडच्या गाडीत बाहेरून पत्रा, आत चौकोनी लोखंडी पाइप आणि त्यावर प्लाय असतो. प्लाय बदलता येतो. खरी चिंता त्यामागची. पत्रा आणि प्लायमध्ये भरलेली काचलोकर (ग्लासवूल) पाणी धरून ठेवते आणि पाइप आतून गंजतो. लहान हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज बदलून भद्द आला तिथला प्लाय उघडावा. ओलावा मापक मिळाला तर १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गळती शोधल्याशिवाय गत्यंतर नाही.

गळती शोधायची ती एप्रिल-मेमध्ये, गाडी कोरडी असताना. जुलैत सगळेच ओले असते. नळीने पाणी खालच्या सांध्यापासून सुरू करून वर वर न्यावे, प्रत्येक सांध्यावर काही मिनिटे, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमकी वाट कळत नाही. सापडलेल्या फटीत सिलिकॉन भरू नये. सिलिकॉनवर पुढे ना रंग बसत ना दुसरा सीलंट. जुना थर पूर्ण खरवडून ब्यूटाइल टेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरावा. नवा प्लाय आयएस ७१० दर्जाचा मरीन घ्यावा, पण जपून. ८ बाय ४ फुटांचा १२ मिमी तक्ता साधारण २४ किलोचा असतो. हौसेने दहा तक्ते चढवले की अडीच क्विंटल झाले, त्यावर पाण्याची टाकी भरली की आणखी शंभर किलो. पाटे आणि ब्रेक ते सोसतात की नाही हे वजनकाट्यावर पुढचा व मागचा आस (अॅक्सल) वेगवेगळा मोजूनच कळते.

आता इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नये. टाकीतले डिझेल पूर्ण काढावे, तळाला पाणी आणि काळा गाळ असतोच. डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि कूलंट बदलावे. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. अडले तर जोर लावू नये. फिरले तर प्लग न लावताच, डिझेल बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारावा. त्यानंतर प्लग बसवून, डिझेलच्या लाइनमधली हवा काढून इंजिन सुरू करावे. कॉमनरेल, म्हणजे उच्च दाबाने डिझेल फवारणारे नवे इंजिन असेल तर पाणी मिसळलेले डिझेल आत जाऊच देऊ नये, हाय प्रेशर पंप आणि नोझल दोन्ही जातात. सुरू झाल्यावर निळा धूर टिकला तर ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहावे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मात्र आधीच शोधाव्यात, त्या जागेवरच आग लावतात.

ब्रेकची चर्चा करण्यात अर्थ नाही. व्हील सिलिंडर, होज आणि ब्रेक ऑइल सरळ बदलावे. गाडी ओढून नेण्याआधी ड्रमला चिकटलेले लायनर सुटले आहेत ना, ते पाहावे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर कितीही खोल नक्षीचा असो, टाकाऊच.

आतले बारा व्होल्टच्या वायरिंगचे काम बहुधा घरगुती इलेक्ट्रिशियनने केलेले असते. हजार वॉटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला घरातली पंख्याची वायर चालत नाही, २५ ते ३५ चौरस मिमीची जाड केबल आणि बॅटरीला अगदी लागून फ्यूज हवा. पलंगाखाली बंद पेटीत ठेवलेली ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला बाहेर जाणारी हवेची वाट हवीच. घरगुती गॅस सिलिंडर गाडीत ठेवणे नियमबाह्य आहे. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. तळाशी छिद्र नसलेला गॅसकप्पा पाहिला की शेगडीच काढून टाकावी. पाण्याची टाकी ठेवायची असेल तर दर लिटरला एक मिली या प्रमाणात पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट घालून चार तासांनी दोनदा धुवावी.

हिशेब मांडताना कागद, पत्राकाम, यांत्रिक काम, ब्रेक-टायर आणि आतले सामान अशी पाच खाती करावीत आणि बेरजेवर तिसरा हिस्सा वाढवावा, कारण प्लाय उघडल्यावर काहीतरी निघतेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करता येणार नाही, म्हणून तुर्भे किंवा तळोज्यातल्या जागेचे भाडेही धरावे. पत्रा आणि पुटीचे काम पावसाळ्यात टिकत नाही, ते दिवाळीनंतरच हाती घ्यावे. ही सगळी रक्कम त्याच वयाच्या, चालत्या आणि कागद पूर्ण असलेल्या कॅम्परच्या भावाच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेली तर विकावे, असे आमचे मत. आणि विकायचेच तर अर्धवट खोलून विकू नये. उघडलेल्या गाडीला भंगाराचा भाव मिळतो, बंद पण अखंड गाडीला त्याहून बरा. फ्रिज, सोलर, लिथियम बॅटरी ही कामाची वस्तू असेल तर ती वेगळी काढून विकलेली परवडते.

ठाणे, वाशी आणि पनवेल आरटीओंना एक विनंती. अशा जुन्या रूपांतरित गाड्यांची मंजुरी, नूतनीकरण आणि नोंदणी रद्द करणे यांसाठी लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत दर्शनी फलकावर लावावी. आज ही माहिती दलालाकडून घ्यावी लागते आणि गाडी तिथेच सडत राहते.

भंगारात काढायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. तिथून ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारात दिल्याचा दाखला) मिळते आणि केंद्राच्या नियमानुसार त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, प्रत्यक्ष दर राज्य ठरवते. फाटकाशी येणाऱ्या भंगारवाल्याला दिली तर नोंदणी आपल्याच नावावर राहते. चालत्या गाडीच्या विक्रीतही तेच. फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल पूर्ण होईपर्यंत नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर, आणि राज्यात विकल्यास १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारीही त्याचीच. अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देऊ नये. खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत, तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती घ्यावी आणि नव्या नावाची आरसी ऑनलाइन दिसेपर्यंत विमा चालू ठेवावा.

आपले,
वाहन-बॉडीच्या कामातले काही वाचक,
वागळे इस्टेट, ठाणे