स्क्रूला हात लावायच्या आधी

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि अण्णांची बुलेट विकायला काढल्याचं कळून फार वाईट वाटलं. १९८६ ची गाडी अजून पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते, शिरोड्यापर्यंत कुरकुर न करता जाते. नुसती स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर हळू चालत, थांबत नाही म्हणून ती घालवायची? मेकॅनिक म्हणाला कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) गेला, नवीन टाका. मला ते पटत नाही. गार असताना बरी असते, तापली की ॲक्सिलरेटर सोडूनही रेस उतरत नाही, आणि स्लो कमी केला की वेंगुर्ल्याच्या बाजारात बंद पडते, असं तू लिहिलंयस. बहुतेक ती कुठून तरी जादा हवा ओढतेय. तसं असेल तर कार्बोरेटरचे स्क्रू कितीही पिळले तरी उपयोग नाही.

सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून कर. गाडी स्टँडवर चालू ठेव आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. रेस बदलली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय किंवा आत गंजून अडकतेय. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत केबल दिसायला चांगली असते आणि आतून खरखरीत झालेली असते.

केबल ठीक निघाली तर पुढची तपासणी. रेस वर अडकली की गिअर टाकून, ब्रेक धरून, क्लच किंचित सोड. इंजिन दबून खाली आलं आणि खालीच राहिलं, तर पॉइंटच्या (उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणारा जोड) प्लेटखालची ऑटो-ॲडव्हान्सची, म्हणजे वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे नेणारी, वजनं गंजाने अडकलेली असतील किंवा त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील. क्लच दाबल्याबरोबर रेस पुन्हा चढली तर बहुधा हवेचीच गळती.

गळती शोधायला बरेच जण पेट्रोल नाहीतर रॉकेल शिंपडतात. तू ते करू नकोस, तापल्या इंजिनावर आग लागायला वेळ लागत नाही. कार्बोरेटर जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बसतो त्या सांध्यावर बोटाने जाड ग्रीस भर, चारी बाजूंनी. आवाज लगेच बदलला, रेस उतरली, तर चोर सापडला.

आता हे नीट वाच, कारण या मिककार्ब कार्बोरेटरचं खरं दुखणं इथेच असतं. त्याची फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी सपाट कड, मऊ धातूची आणि बोल्ट दोनच. हवा ओढते म्हणून जो तो पाना लावून आणखी आवळतो, मग बोल्टांकडचे दोन्ही कान हेडकडे वाकतात आणि मधला भाग वर उचलला जातो. कार्बोरेटर काढ, ओरिंग (सांध्यातली रबरी कडी) बाजूला ठेव, फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धर आणि खिडकीकडे तोंड करून बघ. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की दुसरा पुरावा नको. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसर, दोन थेंब तेल टाक आणि फ्लँज आठाच्या आकारात हलक्या हाताने घास. आधी फक्त कान चमकतील, मधला भाग काळपट राहील. सगळी फ्लँज एकसारखी चमकली की थांब. पेट्रोलने धुऊन काढ, आत एक कणही राहता कामा नये. नवीन ओरिंग घाल आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळ. जोर करू नकोस.

कार्बोरेटर हातात आहेच तर फ्लोटची वाटी, म्हणजे त्याच्या तळाचं पेट्रोलचं भांडं, उघड. पावसाळाभर गाडी पडवीत उभी होती ना? हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी ओढायची सवय आहे, म्हणून तळाला पांढरी भुकटी दिसली तर नवल नाही. पायलट जेटचं, म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीचं, भोक केसाएवढं असतं. सुई किंवा तार घालू नकोस, भोक मोठं झालं की जेट फुकट. तिथे गळाचा सगळ्यात बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) चालतो, तो तुमच्या बंदरावर मिळेलच. यापुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करत जा.

पॉइंटचं फार लिहीत नाही. पूर्ण उघडले असताना ०.३५ ते ०.४० मिमी फट ठेव. पॉइंटवर सारखी निळी ठिणगी उडताना दिसली तर कंडेन्सर (ती ठिणगी दाबून धरणारा भाग) बदल. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) गार इंजिनावर बघ: पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

हे सगळं झाल्यावरच स्क्रू. गाडी चांगली तापू दे. हवेचा स्क्रू हलकेच पूर्ण आत घे, तिथून दीड फेरा बाहेर, मग मागेपुढे करत रेस जिथे सगळ्यात चढते तिथे सोड. आत घेतला की मिश्रण दाट होतं, बाहेर काढला की पातळ. मग स्लोचा स्क्रू सोडत सोडत गाडी खाली आण. बंद पडणार नाही इतपतच ठेव. हे वेंगुर्ल्यातच कर, आंबोलीला करू नकोस. वर हवा विरळ, तिथलं सेटिंग खाली उतरल्यावर पातळ पडतं.

माझ्याकडे पॉइंटचा एक नवा जोड आणि कंडेन्सर जादा आहे, एसटीच्या पार्सलने पाठवतो. पट्टीखाली उजेड दिसला का, तेवढं लगेच कळव. आणि गिऱ्हाइकाला तोवर हो म्हणू नकोस रे. अण्णांनी ती गाडी किती जपली ते आपण दोघांनी पाहिलंय.

काकूंना नमस्कार.

तुझाच
मित्र