डावा ब्रेक पुढचा

नागपूर,
१६ जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर सांगितलंस की ऑगस्टमध्ये मैत्रिणींबरोबर कॅनडातल्या व्हिस्लरच्या बाइक पार्कला जायचंय, लिफ्टने डोंगरावर जाऊन सायकलने उतरायला, आणि मी लगेच "नको" म्हणून मोकळी झाले. तू वाद घातला नाहीस. "बरं, बघू" म्हणालीस, आजीचं ब्लड प्रेशर विचारलंस आणि फोन ठेवलास. ते "बरं, बघू" चार दिवस टोचतंय मला. तू परवानगी मागायला फोन केलाच नव्हता, आनंद सांगायला केला होतास. म्हणून हे पत्र. फोनवर मी पुन्हा घाबरले असते, लिहिताना थांबून विचार करता येतो.

माझा नकार कुठून आला ते आधी सांगते. अठ्ठावीस वर्षं मी फिजिओथेरपी करते आहे. माझ्यासमोर येऊन बसतो तो माणूस आधीच पडलेला असतो. जे हजार जण उतारावरून नीट खाली आले आणि घरी जाऊन जेवले, ते मला कधी दिसतच नाहीत. त्यामुळे उतार म्हटलं की मला डोंगर दिसत नाही, प्लास्टर दिसतं. हा माझ्या कामाने डोळ्यांवर चढवलेला चष्मा आहे आणि तो तुझ्या डोळ्यांवर चढवायचा मला अधिकार नाही, हे मला या चार दिवसांत पटलं.

बाबांना सांगितलं तर ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "जाऊ दे नं तिले. आपण काय जन्मभर मागून कॅरिअर धरून पळणार आहोत?" आणि मला सेमिनरी हिल्सचा उतार आठवला. तू नऊ वर्षांची होतीस. सकाळी सहाला आपण तिघं जायचो, रस्ता मोकळा असायचा. बाबा कॅरिअर धरून पळत होते आणि मधेच त्यांनी सोडलं. मी खाली उभी होते, श्वास अडकवून. तू आलीस ती सरळ माझ्यापर्यंत, दोन्ही ब्रेक दाबून थांबलीस आणि म्हणालीस, "परत." त्या दिवशी तू सात वेळा सायकल हाताने ढकलत वर नेलीस. आठव्यांदा पाय थरथरायला लागले तेव्हा आपणच म्हणालीस, "आता पोहे खायला जाऊ."

ती आठवी वेळ लक्षात ठेव. सगळं पत्र त्याच्याभोवती आहे.

तू पाठवलेला पार्कचा नकाशा मी छापून घेतला आणि चार रात्री त्याच्याशी बसले आहे. गाव साधारण ६७० मीटरवर, डोंगराचा माथा २,१८० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरापेक्षा उंच डोंगर. हिवाळ्यात त्याच उतारांवर स्की करतात, २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्कीच्या शर्यती तिथे झाल्या होत्या. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की त्याच लिफ्ट सायकलींसाठी चालतात, आणि हे १९९९ पासून चालू आहे. वाटांना खुणा आहेत: हिरवं वर्तुळ सगळ्यात सोपं, मग निळा चौकोन, मग काळा हिरा, आणि दोन काळे हिरे म्हणजे तिथे तुझं काही काम नाही. हे वाचून मला खरं तर धीर आला. कुणीतरी विचार करून, यंत्रांनी माती रचून, वळणाला बाहेरून बांध घालून या वाटा बांधल्या आहेत. रस्त्यावर ट्रक असतो, खड्डा असतो, मधेच गाय बसलेली असते. इथे तसं काही नाही.

पण एक गोष्ट मला नकाशा बघताना सुचली आणि ती मी तुझ्याकडून कबूल करून घेणार आहे. आठवतं, कॉलेजच्या पहिल्या वर्षी तुम्ही पोरं चिखलदऱ्याला सायकली घेऊन गेला होता? घाट चढताना दम निघाला म्हणून तू किती चिडली होतीस! पण चढताना तू प्रत्येक वळण बघितलं होतंस. कुठे खडी सांडली आहे, कुठे रस्ता अरुंद आहे, कुठे पाणी वाहतंय. उतरताना ते सगळं तुला माहीत होतं. शिवाय चढून दमल्यामुळे दिवसातून एकदाच उतरता आलं. लिफ्टमध्ये हे दोन्ही जातं. बसायचं, सायकलही लिफ्टनेच वर जाते, आणि पाय ताजेतवाने असताना तुम्ही अशा उताराच्या तोंडाशी उभे राहता जो तुम्ही कधी पाहिलेला नाही. आणि असं दिवसातून दहा-बारा वेळा. पाय दमत नाहीत म्हणून वाटतं की आपण दमलोच नाही. दमतात ते हात. ब्रेक धरून धरून कोपराखालचे स्नायू दगडासारखे होतात, बोटं उघडत नाहीत, आणि ज्या क्षणी ब्रेक हवा असतो त्या क्षणी बोटांत जोर नसतो. ही गोष्ट मी माझ्या कामामुळे छातीठोकपणे सांगू शकते.

म्हणून तुमचा एका दिवसाचा बेत मला पसंत नाही. पहाटे व्हँकुव्हरहून निघायचं, सव्वाशे किलोमीटर जायचं, अकरा वाजता पास घ्यायचा, आणि पास महाग म्हणून लिफ्ट बंद होईपर्यंत पैसे वसूल करायचे. शेवटची फेरी मग दमलेल्या हातांनी, घाईत आणि सगळ्यात अवघड वाटेवर होते, कारण दिवसभराने भीड चेपलेली असते. त्यापेक्षा दोन दिवस जा. आदल्या संध्याकाळी पोचा, हॉस्टेलमध्ये झोपा. शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार बघा, वाटेवर गर्दी कमी म्हणजे मागून कुणी वेगात येण्याची धास्ती कमी. राहण्याचे पैसे मी पाठवते. हा विषय तुझ्या खर्चाच्या हिशेबात धरू नकोस, ही माझी इच्छा आहे म्हणून माझा खर्च.

पहिल्या सकाळी शिकवणी घ्या. नवख्यांसाठी तिथे शिकवणारे असतात. मग "ईझी डझ इट" नावाची हिरवी वाट आहे ना, ती दोनदा. पहिल्यांदा सावकाश, मधे थांबून, फक्त बघण्यासाठी. तो तुझा चढ समज, लिफ्टने हिरावून घेतलेला. दुसऱ्यांदा तुझ्या वेगाने. दुपारी हात मोकळे वाटले तर निळ्यातली "बी-लाईन", तीही आधी बघून. "क्रँक इट अप"वर उड्या आहेत, ती दुसऱ्या दिवसावर ठेव. आणि "ए-लाईन"चं नाव तू फोनवर तीन वेळा घेतलंस, ते मी ऐकलं. ती काळ्या हिऱ्याची आहे. ती या वर्षी नको. पुढच्या वर्षी जाशील तेव्हा मी काही म्हणणार नाही. व्हँकुव्हरच्या पॅसिफिक स्पिरिट पार्कमधल्या सपाट जंगलवाटा आणि ही वाट यांत फार अंतर आहे, हे तुलाही माहीत आहे.

आता ब्रेक. आमच्या विभागात खांद्याच्या व्यायामाला एक तरुण सायकलपटू येतो, त्याने मला सांगितलं आणि मी त्या रात्री झोपले नाही. आपल्याकडच्या सायकलला उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तुझ्या लाल सायकलचा तसाच होता, मी खाली पार्किंगमध्ये जाऊन बघून आले, अजून तिथेच उभी आहे. उत्तर अमेरिकेत उलटं असतं, डावा ब्रेक पुढचा. तुझी तिथली रोजची सायकल जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, तिचं कसं आहे मला माहीत नाही. पार्कमधल्या सायकलचे ब्रेक हायड्रॉलिक असतात, एका बोटाने चाक जाम होतं. घाबरल्यावर हात जुन्या सवयीने चालतो, डोकं नंतर. तीव्र उतारावर सगळा भार आधीच पुढे असतो, तिथे पुढचं चाक जाम झालं की माणूस हॅंडलवरून पुढे जातो. सायकल ताब्यात घेतली की सपाटीवर अर्धा तास फक्त ब्रेक दाबत फिर. बाकीच्यांना वर जाऊ दे.

आणि वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नाही. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, बूड सीटवरून उचललेलं, कोपरं किंचित वाकलेली, नजर चाकापाशी न ठेवता पुढच्या वळणावर. हे त्या पोराचे शब्द आहेत, पण शरीराच्या दृष्टीने मला सगळे पटले. गुडघे आणि कोपरं वाकलेली असली की धक्का तिथे मुरतो. ताठ हातांनी धरलं तर तो सरळ खांद्यात जातो.

पडलीस तर काय, हेही लिहायलाच हवं. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, कोपर आणि गुडघ्यांचे पॅड, पाठीचं कवच, पूर्ण बोटांचे हातमोजे. यातलं बहुतेक भाड्याने मिळतं, उकडतं म्हणून काढायचं नाही. डोक्याला दणका बसला आणि नंतर मळमळलं, उजेड सहन होईना, गोष्टी विसरायला झालं, तर तो दिवस संपला. अगदी बरं वाटलं तरी संपला. ते हेल्मेटही परत वापरायचं नाही, बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो.

आणि मनगट. तुझ्या मामाची गोष्ट तुला पूर्ण कधी सांगितली नाही. १९८९ साली काटोल रोडवर तो सायकलवरून हातावर पडला. एक्स-रे साफ आला. एका दवाखान्यात सांगितलं, मुका मार आहे, मलम लावा. अंगठ्याच्या मुळाशी जी खोलगट जागा असते ना, तिथे त्याला दाबलं की कळ यायची. कुणी दाबून पाहिलंच नाही. सहा महिन्यांनी कळलं की स्कॅफॉइड नावाचं काजूच्या आकाराचं हाड मोडलं होतं आणि जुळलंच नव्हतं. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, आणि ताजी मोड पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी परत काढावा लागतो, तोवर प्लास्टरमध्ये ठेवतात. मामा आजही त्या हाताने भरलेली कढई उचलू शकत नाही. मी हा विषय शिकायला गेले त्यामागे ते मनगट आहे. तुझ्या अंगठ्याच्या मुळाशी दुखलं, तर "एक्स-रे साफ आहे" या वाक्यावर उठून येऊ नकोस. दुसऱ्यांदा तपासा म्हणून सांग. तिथे गावातच आरोग्य केंद्र आहे, त्याचा पत्ता फोनमध्ये आधी टाकून ठेव.

विम्याचा कागद काढून बघ, साहसी खेळ वगळले आहेत का. वगळले असतील तर दोन दिवसांचा वेगळा घे. पार्कमध्ये जबाबदारी तुमची असा कागद सही करायला देतात, तोही वाचून सही कर.

तिथे काळी अस्वलं वाटेवर येतात म्हणे. याची मला तितकी भीती नाही. पेंचच्या जंगलात तू लहानपणापासून शिकली आहेस की जनावर दिसलं तर ते आधी जाणार, आपण थांबणार. मैत्रिणींनाही सांग, फोटोसाठी जवळ जायचं नाही.

ऑगस्टपर्यंत सहा-सात आठवडे आहेत. आठवड्यातून तीनदा: खुर्चीत बसल्यासारखं भिंतीला टेकून उभं राहायचं, मिनिटभर, पाच वेळा. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या दोन्ही हातांत धरून चालायचं, बोटं सुटेपर्यंत. व्यायामाच्या आडव्या बारवर टॉवेल टाकून त्याला लटकायचं. बैठका वीस-वीसच्या तीन. बादल्यांचं विसरू नकोस, ब्रेक त्यानेच पेलणार आहेस.

आजीला काल सांगितलं. ती म्हणाली, "काऊन जाते बापा हे पोट्टी तिथं पडाले?" मग रात्री स्वतःच विचारत होती की तिकडे थंडी असेल का, स्वेटर पाठवायचं का. ऑगस्टमध्ये गावात नाही, पण डोंगरावर वारा असतो, पातळ जॅकेट घे. पुडाची वडी पाठवता येत नाही याचं तिला फार वाईट वाटलं. संत्रा बर्फी पाठवते आहे, ती लिफ्टमध्ये खा.

इकडे पाऊस अजून आलेला नाही. ढग येतात, अंधारून येतं, आणि फुटाळा तलावावरून वारा सुटून सगळं निघून जातं. रात्री बाल्कनीत बसून मी आणि बाबा तुझा नकाशा उलगडतो. त्यांनी पेनने हिरव्या वाटेवर तुझी दुसरी फेरीही आखून ठेवली आहे.

तारीख ठरली की कळव. आणि त्या दिवशी सायकल हातात आली की मला एक फोटो पाठव, डाव्या ब्रेकवर बोट ठेवलेला. इकडे मध्यरात्र असेल, मी जागी असेन. फोटो बघितला की झोपेन.

तुझी,
आई