विषय : कंपाऊंडच्या कडेच्या 19 रोपांना पाणी व आच्छादन देण्याबाबत

लातूर

मा. अध्यक्ष,
स.न.वि.वि.

जुलैत आपण 22 रोपं लावली : कडुलिंब, करंज, बहावा. तीन गेली. उरलेली येता उन्हाळा काढावीत, म्हणून हे पत्र.

वॉचमनदादा रोज सकाळी न चुकता पाइपने पाणी मारतात. पण काल त्यांचं पाणी देऊन झाल्यावर मी करंजाजवळ सळई खुपसून पाहिली, ती दोन इंचांवर अडली. खाली माती कोरडी ठाक. असं वरवरचं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, मुळंही वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात रोप माना टाकतं. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदाच, संध्याकाळी, रोपाला 15-20 लिटर सावकाश मुरू द्यावं. त्यासाठी आळी हातभर रुंद करावी लागतील.

पाणी जास्त मागत नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस मी विसरलेले नाही. म्हणूनच आच्छादनाचा आग्रह धरते. आपली काळी माती वाळली की भेगाळते. भेगांतून खालची ओल निघून जाते, कोवळी मुळं तुटतात. आळ्यात चार बोटं पालापाचोळा असला तर माती तापत नाही, ओल टिकते. आणि आपण तोच पाला दर शनिवारी गेटमागे जाळतो! हे कृपया आजच थांबवावं.

औसा तालुक्यात माझ्या माहेरी ऊस नुकताच तुटला आहे. भाऊ ट्रॉलीभर पाचट द्यायला तयार आहे, भाडं मी देईन. फक्त पाचट खोडाला टेकू द्यायचं नाही, चार बोटं जागा मोकळी ठेवायची. नाहीतर खोड कुजतं, वाळवी लागते. बहाव्याच्या बुंध्याशी माळीबुवांनी मातीचा ढीग केला आहे, तोही काढायला हवा.

मागच्या सभेत आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी रोपांना द्यायचं ठरलं. त्याचा फेरविचार व्हावा. बोअरचं पाणी मुळातच जड, त्यातले क्षार या पाण्यात आणखी वाढलेले असतात. ते जिने पुसायला वापरू. रोपांसाठी तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी चालेल. आमच्या जिन्यातल्या चार घरांनी बादली ठेवायचं कबूल केलं आहे.

रविवारी सकाळी 7 वाजता आम्ही सहाजण आळी करायला येतो. फावडी स्टोअररूममध्ये आहेत. शनिवारी रात्री किल्ली मिळावी.

आपली,
फ्लॅट क्र. 9