नातेवाईक ओरडत होते, त्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ नोव्हेंबरच्या अंकातला जोन्सटाउनवरचा लेख वाचला. जोन्सटाउन म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयानातली ती वस्ती, जिथे १९७८ मध्ये जिम जोन्स या अमेरिकन पंथगुरूचे शेकडो अनुयायी सायनाइडने मेले. फोटो मोठा, मथळा त्याहून मोठा. सायनाइड कुठल्या सरबतात कालवलं यावर लेखकमहाशयांनी अख्खा परिच्छेद खर्ची घातलाय. (आणि तेही चुकलंय. ते फ्लेवर एड होतं, कूल-एड नव्हे.) वर शेवटी आम्हाला दिलासा, की शाहूंच्या पुरोगामी कोल्हापुरात असलं काही घडणं अशक्य. वा!

मेलेली माणसं भोळसट होती, असा एकूण सूर. वस्तीत ९०९ जण गेले, त्यांत तीनशेवर मुलं. मुलांच्या तोंडात सिरिंजने विष घातलं, भोवती बंदूकवाले उभे. त्यात भोळसट कोण? नातेवाईक तर आधीपासून कॅलिफोर्नियात अर्जविनंत्या करत होते. पत्रं फोडली जातात, म्हाताऱ्यांचे सरकारी चेक जिम जोन्सच्या हाती जातात, मरणाची रंगीत तालीम होते, हे निसटून आलेल्या एका बाईने जून १९७८ मध्ये प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं. अमेरिकन वकिलातीचे अधिकारी गयानाच्या जंगलात जाऊन विचारूनही आले. पढवलेली माणसं म्हणाली, आम्ही सुखात आहोत. मिटलं! शेवटी अमेरिकेचे खासदार लिओ रायन स्वतः गेले, तर परतताना धावपट्टीवरच त्यांना गोळ्या घातल्या. नातेवाइकांच्या वाट्याला तुमच्या लेखात एक ओळ.

मला ती ओळ झोंबली, कारण आमच्या थोरल्या वहिनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला त्यांचा, अडाणी कशा म्हणायच्या? दादा गेल्यावर एका महाराजांच्या मठात 'सेवेला' गेल्या आणि तिथल्याच झाल्या. पेन्शनचं पासबुक मठाच्या कपाटात, मोबाइल ऑफिसात जमा. फोन लावला की स्पीकरवर. शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं, त्याचा खोकलासुद्धा ऐकू यायचा. "भाऊजी, सगळं छान आहे हं." बस्स. एरवी रश्श्यात मीठ कमी पडलं तर चारचौघांत जावेला सुनावणारी बाई. पण नातीला बारावीला किती पडले हेसुद्धा विचारलं नाही!

पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "काका, त्या सज्ञान आहेत, स्वखुशीनं गेल्यात." २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे बसत नाही, असंही ऐकवलं. बसत नसेल. पण पानसरे अण्णांच्या गावात निदान एक हवालदार पाठवून वहिनींना बाजूला घेऊन विचारायला काय हरकत होती? साखर वाढून पाय सुजले, सेवा होईना, तेव्हा मठवाल्यांनीच त्यांना गाडीत घालून दारात आणून सोडलं. पासबुक अजून तिकडेच आहे. वहिनी म्हणतात, माझीच सेवा कमी पडली.

हे सगळं मी तेव्हा आपल्याच दैनिकाला लिहून कळवलं होतं. छापलं नाहीत. 'वैयक्तिक स्वरूपाचा मजकूर' असा निरोप आला. गयानाचं चालतं, कारण ते लांब आहे आणि तिथून कुणी अब्रुनुकसानीची नोटीस पाठवत नाही.

जोन्सचा आवाज वस्तीत रात्रंदिवस कर्ण्यावरून चाले, हे आपण छापलंत ते बरं केलंत. आमच्या मंगळवार पेठेत सप्ताहाचा कर्णा पहाटे पाचला सुरू होतो. त्याबद्दलचीही माझी दोन पत्रं आपल्याकडे पडून आहेत.

आता खरं कारण लिहितो. ज्या अंकात हा लेख आहे, त्याच अंकाच्या पाचव्या पानावर, खाली उजवीकडे, 'घरगुती कलह, संतती, कोर्टकचेरी, सर्व समस्यांवर खात्रीशीर उपाय' अशी चौकट आहे. आत फोटो. तेच महाराज. जाहिरात विभागाला विचारा, पैसे कुणाच्या पेन्शनमधून आले? पत्राला कात्री लावायचीच असेल, तर बाकी सगळं काढा, हा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
मंगळवार पेठ, कोल्हापूर