चौकटीत बाबा कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत स्तनाच्या कर्करोगावरचा लेख वाचला. 'आई, बहीण किंवा मावशीला हा आजार झाला असेल तर सावध राहा,' असं तुम्ही चौकटीत ठळक छापलंत. त्यात ना वडील, ना आत्या. वडिलांकडचं अख्खं घराणं गाळून टाकलंत!

माझ्या बाबांना स्तनाचा कर्करोग झाला, चौसष्टाव्या वर्षी. त्यांच्या बनियनवर डावीकडे तांबूस डाग पडायचा. वाळत घालायच्या तारेचा गंज लागतो, असं समजून आई तो घासून काढायची. बाबा लाजेने गप्प राहिले. शेवटी डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, 'चरबीची गाठ आहे, पुरुषांना कुठे होतो असला कॅन्सर?' त्यात सात महिने गेले. निदान झालं तेव्हा रोग काखेत पोचला होता.

पुढे मी तपासणीला गेले, तर तिथल्या अर्जातही रकाने तेच: आई, बहीण, मावशी. माझी आत्या पन्नाशीच्या आत अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. 'ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली' म्हणून आमच्याकडे तिचा आजार कुणी धरलाच नव्हता. मी बाबांचं आणि तिचं नाव समासात लिहिलं.

बाबांच्या चाचणीत बीआरसीए-२ जनुकात दोष निघाला. तुटलेला डीएनए दुरुस्त करायला मदत करणारं हे जनुक पुरुषांमध्येही असतं. दोष आईत असो की बापात, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. माझ्यात तो उतरला आहे. पुरुषांत हा कर्करोग दुर्मीळ, स्तनाच्या शंभर रुग्णांत जेमतेम एक पुरुष. पण हा दोष असलेल्या पुरुषाचा धोका इतर पुरुषांच्या कितीतरी पट असतो, शिवाय प्रोस्टेटच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचाही वाढतो.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षं चाचणी टाळतो आहे. काल सकाळी त्याने तुमच्या चौकटीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताई, बघ, हे बायकांचं आहे. मला तर दोन्ही मुलगेच.' मी दोन वर्षं समजावते आहे, आणि तुमच्या एका वाक्याने ते सगळं पुसून टाकलं. त्याच्यात दोष असेल तर त्या मुलग्यांमध्येही उतरू शकतो, हे त्याला आता कोण सांगणार?

लेखात हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीचा फोटो होता. आपल्यात असा जनुकदोष आहे आणि म्हणून स्तन काढून घेतले, हे तिने २०१३ मध्ये धीराने जाहीर केलं, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनीही २०१९ मध्ये आपला स्तनाचा कर्करोग आणि बीआरसीए-२ मधला दोष जाहीर केला होता. त्यांनाही आधी शर्टावर रक्ताचे ठिपके दिसले होते. ते वाचलं तेव्हा मला बाबांची बनियन आठवली. हा मजकूर दोन ओळींत बसला असता.

आणखी एक. गुलाबी पानावर पांढरी बारीक अक्षरं छापू नका. आईने चष्मा लावून, खिडकीशी नेऊन पाहिलं, तरी तिला लेख वाचता आला नाही. ज्यांनी वाचायला हवा त्यांचीच ही वयं आहेत.

दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानात कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, तशाच चौकटीत, 'वडील' आणि 'आत्या' हे शब्द घालून छापा. भाऊ तेवढंच वाचतो.

आपली,
एक वाचक, सातारा